किमान वेतन वाढलं, पण वावरात रोज किती पडला?

किमान वेतनाची नवी अधिसूचना निघाली की दोन बातम्या ठरलेल्या असतात. एकीत कामगारांना दिलासा, दुसरीत मालकांवर बोजा. विदर्भातल्या खेड्यात दोन्ही बातम्या अर्ध्याच खऱ्या ठरतात. जिनिंगमधल्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातल्या) माणसाला फरक पडू शकतो, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला पडतो, निंदणाच्या (तण काढणाऱ्या) बाईला त्या दिवशी काहीच पडत नाही. तरी काही वर्षांनी पाहिलं तर तिचाही रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, हललेला दिसतो, पण वेगळ्याच कारणांनी. ती कारणं कोणती आणि एकाच वाढीचा परिणाम अकोल्यात एक, यवतमाळच्या घाटंजीत दुसरा आणि गडचिरोलीच्या कुरखेड्यात तिसरा का होतो, याचा हिशेब इथे मांडतो आहे.

आधी दर वाचायचा कसा ते पाहू, कारण निम्मे वाद तिथेच होतात. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार ठरतं. बहुतेक उद्योगांत तीन परिमंडळं असतात. ढोबळमानाने महानगरपालिकांचा भाग पहिल्यात, मोठ्या नगरपरिषदा दुसऱ्यात आणि बाकी सगळं तिसऱ्यात. पण परिमंडळाची व्याख्या प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत वेगळी लिहिलेली असते, म्हणून दुसऱ्या उद्योगाचा तक्ता पाहून भांडायला जाऊ नये. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांच्या 2019 च्या अधिसूचनेत कुशल कामगाराचं मूळ वेतन पहिल्या परिमंडळात 11,632, दुसऱ्यात 11,036 आणि तिसऱ्यात 10,440 रुपये होतं. प्रत्येक पायरी 596 रुपयांची. या मूळ वेतनावर विशेष भत्ता चढतो. तो महागाई निर्देशांकावरून दर सहा महिन्यांनी, 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. मूळ अधिक विशेष भत्ता मिळून जो आकडा येतो, तेच त्या दिवशीचं किमान वेतन. निव्वळ मूळ वेतन दाखवून "आम्ही नियमाप्रमाणे देतो" म्हणणारे ठेकेदार पुष्कळ आहेत. महिन्याच्या दराला 26 ने भागलं की दिवसाचा दर, त्याला 8 ने भागलं की तासाचा.

आता या तक्त्यातली गंमत बघा. नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर ही चारही महापालिका असलेली शहरं. म्हणजे कायद्याच्या नजरेत अकोल्यातल्या कपड्याच्या दुकानातला माणूस आणि दादरच्या दुकानातला माणूस एकाच पायरीवर. दादरला त्या दराने माणूस मिळतच नाही, मालक आधीच जास्त देतो. तिथे दर वाढला काय, नाही वाढला काय, सारखंच. अकोल्यात मात्र तो दर चालू पगाराच्या वर असतो, म्हणून तिथे वाढ खरोखर बोचते. आणि महापालिकेची हद्द ओलांडून चार-पाच किलोमीटर पुढे गेलात की त्याच कामाचा मूळ दर सुमारे दहा टक्क्यांनी खाली. हिशेब कामाच्या जागेवरून होतो, मालकाच्या पत्त्यावरून नाही, हे ध्यानात ठेवायचं. नागपूरच्या ठेकेदाराने पुसदच्या खेड्यात माणूस लावला तर तिसऱ्या परिमंडळाचा दर, आणि खेड्यातून रोज अकोल्यात जाऊन काम करणाऱ्याला पहिल्याचा.

तिसऱ्या परिमंडळाचा दर कमी का, तर खेड्यात जगणं स्वस्त असं गृहीत धरलेलं असतं. घरभाड्यापुरतं ते खरंही आहे. पण गॅस सिलिंडर, तेल, मोबाइलचा रिचार्ज खेड्यात स्वस्त नसतो, आणि दवाखाना तर महागच पडतो, कारण आधी तालुक्याला जायचं भाडं लागतं. देशपातळीवर हाच प्रश्न डॉ. अनूप सत्पथी समितीपुढे 2019 मध्ये होता. समितीने एक राष्ट्रीय दर सुचवला, दिवसाला 375 रुपये (जुलै 2018 च्या किमतींना), आणि पर्याय म्हणून पाच विभागांचे पाच दर. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या विभागाचा दर 414, तर शेजारचा मध्य प्रदेश ज्या विभागात होता त्याचा 342. त्या काळी प्रत्यक्षात चालू असलेला राष्ट्रीय किमान स्तर होता 176 रुपये, 2017 पासूनचा, आणि तोही बंधनकारक नव्हता. समितीचे आकडे कागदावरच राहिले.

दर वाढवल्याचा परिणाम कुठे किती होईल हे पाहायला एक सोपा भागाकार पुरतो. नवा किमान दर भागिले त्या भागात खरोखर चालू असलेला दर. उत्तर एकाच्या बरंच खाली आलं तर काहीच होत नाही. एकाच्या आसपास किंवा थोडं वर आलं तर पगार वाढतात, शिवाय जे आधीच थोडं जास्त घेत होते त्यांनाही मालकाला पुढे सरकवावं लागतं, नाहीतर जुना कारागीर नव्या पोराच्या बरोबरीला येतो. उत्तर दीडच्या पुढे गेलं तर दर बहुधा कागदावर राहतो, किंवा मालक दुसरी सोय शोधतो. जर्मनीत 1 जानेवारी 2015 ला सगळ्या देशाला तासाला साडेआठ युरो असा एकच दर लागू झाला, तेव्हा कमी पगाराच्या पूर्वेकडच्या भागात तो जास्त बोचला आणि पगार तिथेच जास्त वाढले. नोकऱ्या मोठ्या प्रमाणात जातील ही भीती खरी ठरली नाही. पण तिथे जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पगाराची पावती असते. आपल्याकडे हा भागाकार करायचा तर आधी "चालू दर" म्हणजे काय, यावरच अडायला होतं.

कारण वावरात रोज एका मापाने मोजतच नाहीत. निंदणाला दिवसाचा रोज, कापसाला किलोचा भाव, सोयाबीनच्या सोंगणीला (कापणीला) एकराचा गुत्ता, म्हणजे ठोक ठेका, सालदाराला वर्षाची बोली. कायद्याचा दर मात्र दिवसाचा, आठ तासांचा.

कापूस वेचणीचंच पाहा. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) झाली की पहिला वेचा सुरू होतो. तेव्हा बोंडं खालच्या फांद्यांवर, विखुरलेली, पानं अजून हिरवीगार. चांगल्या हाताची बाईदेखील दिवसाला 15-20 किलोच्या पुढे जात नाही. दुसऱ्या वेच्याला पऱ्हाटी (कापसाची झाडं) पांढरी होते, तेव्हा तीच बाई 40-50 किलो आणते. फरदडीला (शेवटच्या, उरलेल्या वेच्याला) पुन्हा 10-12 किलोवर येते, त्यातही कवडी (खराब कापूस) निवडत बसावं लागतं. आता समजा कायद्याचा दिवसाचा दर 400 आहे. पहिल्या वेच्याला तो पडायचा तर किलोला 20 ते 27 रुपये द्यावे लागतील. तेवढे कोणी देत नाही, म्हणून पहिला वेचा बहुतेक ठिकाणी रोजाने होतो. दुसऱ्या वेच्याला दहा रुपयांनी 45 किलो म्हणजे 450, तेव्हा बाया स्वतःहून किलोवर यायला तयार असतात. फरदडीला भाव 15-20 झाला तरी दिवस 200-240 च्या वर जात नाही. "वेचाई दुप्पट झाली" अशी ओरड जानेवारीत होते, तेव्हा बहुतेक वेळा बाईची कमाई घटलेली असते. किलोचा भाव आणि दिवसाची मजुरी एकमेकांच्या उलट दिशेने जाऊ शकतात, हे न पाहता मजुरीवर बोलणाऱ्यांचं ऐकू नये.

काट्यावरही बरंच घडतं. सकाळी दवात वेचलेला कापूस ओला, वजनाला जड. बायांना लवकर लागायचं असतं, शेतकऱ्याला दव उतरल्यावर. संध्याकाळी धुऱ्यावर ताणकाटा झाडाला टांगला की गाठोड्याच्या कापडाचं म्हणून किलो-अर्धा किलो कापला जातो. दहा रुपये भावाने एक किलो म्हणजे दहा रुपये, तीनदा वजन झालं की तीस. किमान वेतनाच्या सहा महिन्यांच्या भत्त्यात जेवढी वाढ मिळते, तेवढी अशी काट्यावर जाऊ शकते. उपाय साधा आहे. रिकामी गाठोडी सकाळीच एकदा तोलून ठेवायची, म्हणजे संध्याकाळी कापडाचं वजन म्हणून अंदाजपंचे काही कापलं जात नाही.

किमान वेतनाच्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या वेतन संहितेचं कलम 12 इथे कामाला येतं. नगावर काम असेल आणि नगाचा किमान दर ठरवलेला नसेल, तर दिवसाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. म्हणजे किलोवर बोली झाली म्हणून दिवसाची मर्यादा सुटत नाही. कलम 10 सांगतं की मजूर कामाला तयार असताना मालकानेच काम कमी दिलं, तर मजुरी पूर्ण दिवसाची. झड लागली म्हणून दुपारी बायांना परत पाठवून अर्धा रोज हातावर ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यावर या कलमाचा आधार घेऊन बोलता येतं. कोणी बोलत नाही, हा भाग वेगळा.

तासांचा हिशेबही प्रामाणिकपणे करायला हवा. निंदणाच्या बाया घरचं आटोपून अकराला वावरात येतात आणि पाचला सुटतात. सहा तासांना 300 म्हणजे तासाला 50, आठ तासांचे 400. शेतकऱ्याचा हा मुद्दा खोटा नाही. पण मग पुरुषांचंही याच मापाने मोजा. डवरणी, फवारणी, पोती उचलणं याला गडी लागतो, त्याचा रोज बाईच्या रोजापेक्षा बराच जास्त, आणि कारण दिलं जातं की काम वेगळं आहे. सारख्या किंवा सारख्याच स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष भेद करता येत नाही, हे 1976 च्या समान वेतन कायद्यापासून आहे. म्हणून कामंच वेगळी ठेवली जातात. सोंगणीच्या गुत्त्यात जोडपी एकत्र लागतात, एकराचे पैसे समान वाटले जातात, आणि तेव्हा बाईचा हात मागे पडतो असं कोणी म्हणत नाही.

आता भागाभागातला फरक. गावात मजूर नसला की शेजारच्या गावाहून टोळी आणावी लागते. टोळीची मुकादम बाई फोनवरच सांगते, "भाऊ, बारा रुपये किलो, अन् ऑटो तुमचा." समजा 12 बाया आणि भाडं 900. शेतकऱ्याला माणशी 75 रुपये जादा पडले, बाईच्या हातात त्यातला एकही आला नाही. शेतकरी म्हणतो मजुरी 375 झाली, बाई म्हणते 300 मिळाली, आणि दोघंही खरं बोलतात. मजुरीचा दर दोन गावांत वेगळा राहतो तो बऱ्याच अंशी या भाड्यामुळे. तालुक्याच्या रस्त्यावरच्या गावात ऑटो सहज मिळतो, तिथले रोज लवकर सारखे होतात. आडमार्गाच्या गावात बाया दोनच शेतकऱ्यांच्या दारात जाऊ शकतात, तिथे रोज वर्षानुवर्षं दबलेला राहतो. अशा ठिकाणीच किमान वेतन सक्तीने दिलं तर रोजगार न घटता मजुरी वाढू शकते, कारण तिथला रोज बाईच्या कामाच्या मोलावर ठरलेलाच नसतो, तिला दुसरं गिऱ्हाईक नाही यावर ठरलेला असतो. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी न्यू जर्सीतल्या 1992 च्या वेतनवाढीचा अभ्यास केला, तेव्हा फास्ट फूडच्या दुकानांत माणसं कमी झालेली त्यांना आढळली नाहीत. त्याचं एक स्पष्टीकरण याच जातीचं दिलं जातं.

पण हे सगळ्या कामांना लागू नाही. निंदणात मजुरी वाढली की शेतकऱ्याच्या हाताशी तणनाशक आहे. सोयाबीनमध्ये ते सर्रास वापरलं जातं. कापसात मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं, ज्याला गावात चोर बीटी म्हणतात, पसरण्यामागे निंदणाचा खर्च हेच मोठं कारण आहे. आणि निंदण हे बायांना सगळ्यात जास्त दिवस देणारं काम. रोज 50 ने वाढला आणि हंगामात 40 चे 25 दिवस झाले, तर 300 च्या हिशेबाने 12,000 मिळत होते ते 350 ने 8,750 होतात. मजुरी वाढली आणि कमाई पडली. म्हणून नुसता दर पाहून वाढीचं यश मोजणं मला पटत नाही. दर गुणिले दिवस, एवढं तरी लिहावं.

सोंगणीत हार्वेस्टर हा छप्पर आहे. एकराचा गुत्ता हार्वेस्टरच्या भाड्याच्या फार वर गेला की मशीन बोलावली जाते. पण सोयाबीनच्या शेंगा वाळल्या की तडकतात, हातात आठ-दहा दिवस असतात, त्यात पाऊस आला तर ओल्या वावरात मशीन जात नाही. त्या आठवड्यात मजूर मागेल तो दर मिळतो, अधिसूचना असो वा नसो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात कापणीला हार्वेस्टर आला, रोवणी (लावणी) मात्र अजून मुख्यतः बायांच्या हातांवर. पऱ्हे (धानाची रोपं) फार जुने झाले की फुटवे कमी येतात, म्हणून रोवणीचे दिवस पुढे ढकलता येत नाहीत. एकाच जिल्ह्यात जुलैत मजुराचं पारडं जड आणि नोव्हेंबरात मशीनवाल्याचं. कापूस वेचणीला आपल्याकडे कामाची मशीन नाही, बोंडं एकदम फुटत नाहीत. म्हणून वऱ्हाडात मजुरीवाढीचा सगळा ताण वेचणीवर दिसतो, पूर्वेकडच्या या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, रोवणीवर.

शेतमजुरीला खरा धक्का देणारी गोष्ट म्हणजे सरकार स्वतः किती रोज देतं. महाराष्ट्राने हा प्रयोग देशात सगळ्यात आधी केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात वाढली, पुढे तिचा कायदा झाला. सुरुवातीला मजुरी कमी होती, पण मागेल त्याला काम मिळायचं. 1988 मध्ये किमान वेतन वाढलं आणि रोहयोची मजुरीही त्याबरोबर जवळपास दुप्पट झाली. मग काय झालं, तर कामं संथ गतीने उघडू लागली, मागणी असून हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी 1993 मध्ये याचा अभ्यास मांडला आणि हमी सैल झाल्याचं दाखवलं. दर वाढवला पण पैसा त्या मानाने वाढवला नाही, की वाटप आपोआप रांगेवर जातं. रांगेत मागे कोण राहतं ते सांगायला नको.

मनरेगात, म्हणजे देशभरच्या रोजगार हमीत, हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने आली. सुरुवातीला राज्याचं शेतीतलं किमान वेतन दिलं जात होतं. 2009 मध्ये केंद्राने ते तोडून 100 रुपयांवर बांधलं आणि पुढे शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाला जोडलं. महाराष्ट्राचा दर 2014-15 ला 168, 2019-20 ला 206, 2020-21 ला 238, 2024-25 ला 297 आणि 2025-26 ला 312. शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला 2025-26 चा दर 261, तेलंगणाला 307. म्हणजे वरुडच्या संत्रापट्ट्यात किंवा गोंदियाच्या सीमेवर राज्याची रेघ ओलांडली की सरकारी रोजात 51 रुपयांचा फरक, आणि मजूर त्या बाजूने इकडे येतो. तेलंगणाच्या बाजूला सरकारी दर जवळजवळ सारखा, तरी झाडीपट्टीतली माणसं मिरची तोडायला तिकडे जातात. ती सरकारी दरासाठी जात नाहीत. सलग दोन महिने काम मिळतं म्हणून जातात.

312 हा आकडाही हातात तसाच पडत नाही. काम मापावर आहे. ठरलेलं घनफळ खोदलं तर 312, नाहीतर मापाइतकं. एप्रिल-मेमध्ये वाळलेली काळी माती आणि मुरूम खोदताना गटाला पूर्ण माप निघत नाही. मापपुस्तिकेत मातीचा प्रकार चुकीचा पडला की आठवडाभराची मेहनत निम्म्या दरात जाते. काम सुरू व्हायच्या दिवशीच माती कोणत्या वर्गात लिहिली ते रोजगार सेवकाला विचारून घ्यावं. मजुरी उशिरा मिळाली तर सोळाव्या दिवसापासून दिवसाला 0.05 टक्के भरपाई. सहा दिवसांच्या 1,872 रुपयांवर ती दिवसाला एक रुपयाही होत नाही. उसनवारीवर किराणा आणणाऱ्याला ही भरपाई काय पुरणार?

तरीही रोहयो नीट चालली तर बाजारातला रोज वाढतो. जुन्या आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगणासह, मजुरीचं वाटप स्मार्ट कार्डने सुधारलं गेलं, तेव्हा कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांना दिसलं की मजुरांच्या वाढलेल्या कमाईचा मोठा भाग योजनेतून आलेलाच नव्हता, खासगी शेतमालकांकडून वाढलेल्या मजुरीतून आला होता. रोहयोच्या कामावर पैसे वेळेवर मिळतात हे कळलं की बाई शेतमालकाला नाही म्हणू शकते. निंदणाच्या बाईपर्यंत किमान वेतन या फेऱ्याने पोचतं.

म्हणून डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी मंजूर केलेल्या नव्या कायद्यातली एक तरतूद विदर्भाने बारकाईने पाहायला हवी. कामाचे दिवस 100 वरून 125 झाले, पण पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण 60 दिवस कामं बंद ठेवायची मुभा राज्यांना आहे. शेतकऱ्यांची ही जुनी मागणी. मजूर मिळत नाही ही तक्रारही खरी. पण ज्या आठवड्यांत मजुराला घासाघीस करता येते नेमक्या त्याच आठवड्यांत त्याचा दुसरा पर्याय बंद होईल. वऱ्हाडात सोयाबीन-कापूस आणि झाडीत धान, यांचे हंगाम वेगवेगळे. सगळ्या राज्याला एकच तारीख लावली तर एका भागात मजूर रिकामा बसेल आणि दुसऱ्या भागात शेतकऱ्याला उपयोगही होणार नाही. तारखा तालुक्याच्या पिकाप्रमाणे ठरायला हव्यात.

शेतकऱ्याची बाजू सोडून हा विषय होत नाही, कारण इथला मालक अनेकदा चार-पाच एकरांचा, आपलं निंदण झालं की दुसऱ्याकडे रोजाने जाणारा. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. दहा रुपये वेचाई म्हणजे क्विंटलला 1,000, भावाच्या सुमारे 12 टक्के. बारा रुपये झाली की जवळपास 15 टक्के. ही वाढ तो कोणावर ढकलणार? कापसाचा भाव तो ठरवत नाही. हमीभाव काढताना मजुरीचा खर्च धरला जातो हे खरं, पण तो देशभराच्या सरासरीतून. किमान वेतन परिमंडळाप्रमाणे, हमीभाव साऱ्या देशाला एकच. महाराष्ट्राने मजुरी वाढवली तर तो वाढीव खर्च सरासरीत विरघळून, तोही उशिराने, हमीभावात उतरतो. आणि खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावातच येऊन माल घेतो तेव्हा, हमीभाव पडतोच असं नाही.

काही गावांत शेतकरी बैठक घेऊन "यापेक्षा जास्त रोज द्यायचा नाही" असं ठरवतात, कुठे दवंडीही देतात. किमान दराच्या खाली असेल तर अशा ठरावाला कायद्यात शून्य किंमत. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड कामगारांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीला घटनेच्या कलम 23 खालची वेठबिगारी म्हटलं आहे, आणि 1983 च्या राजस्थानच्या खटल्यात दुष्काळी कामांनाही तेच लावलं.

अधिसूचनेचा थेट फायदा जिथे व्हायला हवा ती जागा म्हणजे जिनिंग-प्रेसिंग, राईस मिल, दालमिल, गोदामं, ठेकेदाराचे सुरक्षारक्षक. इथे मालक मोठा, हजेरी लिहिलेली, तपासणी शक्य. तरी गळती होते, ती तासांत. समजा महिन्याचं किमान वेतन 13,000. दिवसाचे 500, तासाचे 62.50. बारा तासांची पाळी असेल तर वरचे चार तास दुप्पट दराने, म्हणजे आणखी 500. दिवसाचे 1,000 व्हायला हवेत. रक्षकाला मिळतात 500, आणि पावतीवर आठ तास. दुसरी युक्ती बँकेची. खात्यात पूर्ण पगार जमा होतो, एटीएम कार्ड ठेकेदाराकडे असतं, किंवा जमा झाल्यावर दोन-तीन हजार रोखीने परत मागितले जातात. तिसरी वर्गवारीची. गाठी बांधणारा, मशीनवर बसणारा माणूस वर्षानुवर्षं अकुशल लिहिलेला. आशा आणि अंगणवाडीच्या बायांना तर मानधन दिलं जातं, म्हणून त्यांना हा तक्ता लावलाच जात नाही. गावात नियमित काम करणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. किमान वेतन आता ठरावीक अनुसूचित उद्योगांपुरतं उरलं नाही, ते सगळ्या रोजगारांना आहे, आणि केंद्राने ठरवलेल्या किमान स्तराच्या खाली राज्याला जाता येत नाही. जुन्या अधिसूचना नव्या निघेपर्यंत चालू राहतात, त्यामुळे "कायदा बदलला, दर रद्द झाला" असं कोणी सांगितलं तर ते ऐकू नये. दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली. फरकाच्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देता येते, आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

अर्ज जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे करायचा. त्यासाठी एक वही पुरते. तारीख, काम, लागायची आणि सुटायची वेळ, किलो किंवा एकर, मिळालेले पैसे, रोखीने की फोनवरून, एवढं रोज लिहायचं. फोनवरून पैसे आले असतील तर ती नोंद पुसायची नाही. हजेरीच्या पानाचा, पाळीच्या तक्त्याचा, फाटकावरच्या नोंदवहीचा फोटो मिळाला तर घ्यायचा. फरक महिन्यामहिन्याने काढायचा, कारण जानेवारी आणि जुलैला दर बदलतो. तीन वर्षांना एकच दर लावलेला अर्ज पहिल्याच सुनावणीत गडबडतो. मूळ मालक कोण आणि ठेकेदार कोण, दोघांचीही नावं घालायची, नाहीतर ठेकेदार हंगाम संपल्यावर सापडत नाही. आणि एकटीने जायचं नाही. ज्या मालकाकडून दिवाळीला उचल घेतली, त्याच्याविरुद्ध एका बाईची सही टिकत नाही. टोळीच्या सगळ्या बायांच्या सह्या एका अर्जावर असल्या, किंवा नोंदणीकृत संघटनेने त्यांच्या वतीने अर्ज दिला, तर पुढच्या हंगामात कोणा एकीला कामावरून वगळणं मालकाला जड जातं, कारण वेचणीला बाया त्याला त्याच टोळीतून घ्याव्या लागतात.